‘परागंदा’ म्हणजे फरार नव्हे

दादरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसांवरच्या स्वतंत्र चित्रपटांची मराठीत ओळख करून देताना ‘स्थलांतरित’, ‘विस्थापित’ आणि ‘परागंदा’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा. त्यांच्या मसुद्यात या चित्रपटांना ‘विभक्त कुटुंबांच्या कथा’ असेही म्हटले आहे.

ते आधी खोडावे. विभक्त कुटुंब म्हणजे एकत्र कुटुंबातून निघून वेगळी चूल मांडलेले कुटुंब. त्यात नवरा, बायको आणि मुले एकाच छपराखाली नांदत असतात. नवरा एका देशी आणि बायको दुसऱ्या देशी, याला मराठीत ताटातूट म्हणतात, आणि हा शब्द असताना वर्तमानपत्रांनी ‘विभक्त’ का वापरावा हे मला खरोखर समजत नाही.

स्थलांतरित तो, जो आपण होऊन जागा बदलतो. विस्थापित तो, ज्याला कोयनेच्या धरणग्रस्तांप्रमाणे उठवले जाते. यात वाद नाही.

खरा शब्द ‘परागंदा’. बँक बुडवून परदेशी पळालेल्यांना तो हल्ली सर्रास लावतात, पण त्यांच्यासाठी अरबीतून आलेला ‘फरार’ आहे, ज्याच्या मुळाशी पळणेच आहे. ‘परागंदा’ फारसी असून त्याचा मूळ अर्थ ‘विखुरलेला’ एवढाच आहे. फारसीत चित्त थाऱ्यावर नसलेल्या माणसालाही तो लागतो. काही संस्कृताभिमानी स्नेही त्यात ‘परा’ उपसर्ग आणि ‘गम्’ धातू पाहतात. त्यांनी मग ‘गंदा’ची उपपत्ती द्यावी, आणि रयत ‘परागंदी’ न होता ‘परागंदा’च का होते तेही सांगावे. ‘जिंदा’, ‘शर्मिंदा’ या फारसी विशेषणांप्रमाणेच हा शब्द लिंगवचनाने बदलत नाही.

मराठेशाहीच्या कागदांत ‘मुलूख वैरान झाला, रयत परागंदा झाली’ अशी भाषा येते, आणि मग त्या रयतेला कौल, म्हणजे अभयाचे वचन, देऊन पुन्हा जमिनीच्या लागवडीस आणल्याचे उल्लेख येतात. तिथे कोणी गुन्हा करून पळालेले नाही. घरे दाही दिशांना पांगली आहेत. अर्थ पालटला, असे माझे ठाम मत आहे, तो हा शब्द एकट्या माणसाला लावू लागल्यावर. रयत विखुरते, गाव विखुरते. एकटा माणूस विखुरणार कसा? त्याच्या वाट्याला पळून जाणेच उरले.

पायल कपाडिया यांचा 2024 चा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ घ्या. केरळातून मुंबईत आलेली नर्स प्रभा स्थलांतरित आहे. बिल्डर जिला घराबाहेर काढतो आणि जी शेवटी रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते, ती छाया कदम यांची पार्वती विस्थापित आहे. प्रभेचा नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेला, त्याचे फोन थांबले, आणि एके दिवशी चिठ्ठीचपाटीविना एक जर्मन राइस कुकर तेवढा दारात आला. तो फरार नव्हे, म्हणून त्याला आजच्या अर्थाने परागंदा म्हणू नये. मात्र ‘प्रभेचा संसार परागंदा झाला’ असे अवश्य लिहावे. ‘मिनारी’ या चित्रपटातले कोरियन कुटुंब अमेरिकेतल्या अर्कान्सात एकत्र राहून शेती करते, तिथे ‘स्थलांतरित’ पुरे.