घसरगुंडी, धपाटा आणि घराची किल्ली

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी त्याला सोसायटीच्या बागेत नेते. साडेसातला घरी चल म्हटलं की जमिनीवर लोळण आणि भोकाड. परवा चारचौघींसमोर मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि रात्री स्वतःच रडत बसले. सासूबाई म्हणतात, पोलीस येईल म्हणून भीती घाल. हे म्हणतात, चॉकलेट देऊन गप्प कर. काय करू?
– एक आई, तळेगाव दाभाडे

उत्तर : आधी धपाट्याचं बोलू, कारण तोच तुम्हाला खातोय. त्याला मांडीवर घ्या आणि सांगा, "परवा मी तुला मारलं. ते माझं चुकलं." एवढंच. पुढे "पण तू पण ना..." जोडू नका. मी सव्वीस वर्षं बालवाडी चालवली, तरी माझ्या धाकटीला एकदा एस.टी. स्टँडवर बदडलं होतं. ती आता चाळिशीला आली. का मारलं ते तिला आठवत नाही, गाडी कुठली लागली होती ते आठवतं.

आता साडेसात वाजताचं. हाक कुठून मारता? बहुधा बाकावरून. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. तुम्हाला तर फक्त घसरगुंडीपर्यंत जायचंय. उकिडवं बसा, त्याच्या खांद्यावर हात ठेवा, मग बोला.

आणि बोलताना घड्याळ काढू नका. 'साडेसात' त्याला कळत नाही, 'पाच मिनिटं' तर त्याहून नाही. 'अजून तीनदा घसरगुंडी' कळतं. दोघं मिळून मोजा. तीन म्हणजे तीन. चौथी दिलीत तर उद्या दहा मागेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

चॉकलेटचंही तेच. आज दिलं, उद्या नाही, परवा रडून रडून दमवल्यावर दिलं, की तो एवढंच शिकतो की जास्त वेळ रडावं लागतं. तुमच्या यजमानांना हे शांतपणे सांगा, जेवणं झाल्यावर.

पोलिसाच्या भीतीला मात्र माझा साफ विरोध. उद्या जत्रेत किंवा स्टेशनवर हात सुटला, तर त्याने जायचं कुणाकडे? खाकी दिसली की पळणारं पोर आपल्याला नकोय. सासूबाईंशी यावर वाद घालू नका, त्यांना काम द्या. सहाला बागेत जाण्याआधी त्याच्या पोटात काही गेलं होतं का, हे त्यांनी बघावं. दुपारी बाराला जेवलेलं मूल साडेसातला भुकेनेच अर्धं पेटलेलं असतं. एक केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू पुरे. माझ्या अनुभवात निम्मी भोकाडं इथेच संपतात.

एवढं करूनही एखाद्या दिवशी लोळेलच. तेव्हा उपदेश नको, त्याला त्यातलं काहीही ऐकू जात नसतं. डोकं दगडावर आपटणार नाही एवढं बघून शेजारी बसा. "अजून खेळायचं होतं ना? राग आलाय," असं एकदाच म्हणा आणि थांबा. हुंदके ओसरले की उचला आणि चला. बाकावरच्या बायका बघतील. बघू द्यात, त्यांचीही पोरं लोळून झालीत. तो रोजच स्वतःला इजा करून घेत असेल किंवा वयाच्या मानाने फारच कमी बोलत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवटी एक युक्ती. आमच्या बालवाडीत एक मुलगा वाळूतून उठायचाच नाही. आम्ही सुटीची घंटा त्याच्याच हातात दिली. दुसऱ्या आठवड्यापासून तो घंटेजवळ आधीच येऊन उभा राहायला लागला. तुम्ही त्याला घराची किल्ली द्या. तिसरी घसरगुंडी झाली की किल्ली त्याच्या हातात, दार त्याने उघडायचं. वाकडी लागू दे, वेळ लागू दे. फक्त किल्ली जुनी, जास्तीची द्या. आमच्या बालवाडीची एक अजून वाळूतच आहे.