तलावावरील होडीशर्यत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या बचत गटातील आठ जणींनी शिवसागर जलाशयावर होणाऱ्या गावागावांच्या होडीशर्यतीत उतरायचे ठरवले आहे. अंतर पाचशे मीटर असून चार वल्ह्यांच्या रुंद लाकडी होड्या आयोजक देणार आहेत. हातात दोन महिने आहेत. आमच्यापैकी तिघींनाच पोहता येते. शेतकामामुळे अंगात ताकद आहे, पण वल्हे कोणीच धरलेले नाही. तयारी कशी करावी, आणि पोहता न येणाऱ्यांनी होडीत बसावे का?
— एक वाचक भगिनी, मेढा, ता. जावळी, जि. सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो. रुंद, स्थिर होडी, प्रत्येकीच्या अंगावर मापाचे जीवरक्षक जॅकेट आणि होड्यांच्या जवळून चालणारी बचावाची लाँच या तिन्ही गोष्टी असतील, तर पोहता न येणाऱ्या भगिनींनीही भाग घ्यायला हरकत नाही. यांपैकी एक जरी नसेल, तर त्यांनी काठावर थांबावे आणि गटाने त्याबद्दल कोणालाही कमी लेखू नये. मात्र उरलेल्या दोन महिन्यांत त्यांनी निदान पाठीवर तरंगायला शिकावे. शर्यतीपुरते पोहण्याचे हात मारता येण्यापेक्षा, तोंड पाण्याबाहेर ठेवून शांत राहता येणे अधिक उपयोगाचे आहे.

जॅकेट केवळ घातलेले असून भागत नाही. सर्व पट्टे आवळल्यावर मैत्रिणीने दोन्ही खांद्यांजवळ धरून ते वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर पाण्यात पडताच ते चेहऱ्यावर येईल आणि माणूस त्यातून खाली निसटेल. असे जॅकेट परत करून लहान मापाचे मागून घ्यावे. साडी नेसून होडीत बसू नये, हे मी आग्रहाने सांगतो. भिजलेली साडी पायांना गुंडाळते आणि पोहणारीलाही पाय हलवू देत नाही. ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हा वेश सोयीचा आहे. ओढणी काठावरच ठेवावी. पाय टेकवण्याच्या फळीला पट्टे असतील, तर ते एका हिसक्यात सुटतात याची खात्री करून घ्यावी आणि पायांना कधीही गाठ मारू नये.

सरावाच्या पहिल्याच दिवशी, वल्हे हातात घेण्यापूर्वी, छातीएवढ्या पाण्यात स्थानिक नावाड्यांच्या देखरेखीखाली होडी मुद्दाम उलटवून पाहावी. गार पाण्यात अचानक पडल्यावर छाती आवळल्यासारखी होते आणि श्वास धापा टाकत येतो. साधारण मिनिटभरात तो ताळ्यावर येतो, हे अनुभवाने कळले की भीती निम्मी उरते. होडी उलटल्यावर नियम एकच : होडी सोडायची नाही. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटणारा माणूस दमतो आणि लाटांमध्ये बचाव पथकाला दिसतही नाही, तर उलटी लाकडी होडी तरंगत राहते आणि लांबून नजरेस पडते. प्रत्येकीने आपली जोडीदार ठरवून ठेवावी, पाण्यातून डोके वर काढताच प्रथम तिला हाक मारावी, आणि एकीने सर्वांची मोजदाद करावी.

आता वल्हवण्याकडे वळू. शेतात राबणाऱ्या स्त्रियांच्या हातात ताकद असते, पण खुरपे आवळून धरण्याची सवय वल्ह्याला मानवत नाही. मूठ गच्च आवळली की अर्ध्या अंतरातच मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. वल्ह्याची मूठ तळव्यात न दाबता बोटांच्या आकड्यात धरावी आणि अंगठा सैल ठेवावा. खरा जोर पायांचा असतो : पाते पाण्यात गेले की प्रथम पायांनी फळी रेटायची, मग पाठ मागे न्यायची आणि सर्वांत शेवटी कोपरे वाकवून मूठ बरगड्यांखाली आणायची. परत जाताना हाच क्रम उलटा होतो. हे घरी जमिनीवर बसून, हातात काठी धरूनही घटवता येते. पाते पाण्यात पूर्ण बुडावे, पण त्याहून खोल जाऊ नये. ते तिरके शिरले, तर पाणी त्याला खाली खेचते आणि मूठ जोराने पोटाकडे येते. अशा वेळी ओढाताण न करता होडी थांबवून वल्हे मोकळे करून घ्यावे.

कड्यात अडकवलेले वल्हे चालवणाऱ्याची पाठ होडीच्या टोकाकडे असते, म्हणजे आपण जिथून निघालो तोच काठ समोर दिसतो. सुकाणू धरणारी कोणी नसेल, तर नवख्या होड्या यामुळेच वाकड्या जातात आणि पाचशेऐवजी सहाशे मीटर वल्हवून दमतात. त्यावर नावाड्यांची युक्ती सोपी आहे. सुरुवातीच्या काठावर एकामागे एक असलेल्या दोन खुणा हेरायच्या, समजा पाण्यालगतचे एखादे झाड आणि त्यामागच्या टेकडीवरील देवळाचा कळस. झाडामागे कळस झाकलेला राहिला, तर होडी सरळ चालली आहे; कळस झाडाच्या डावीकडे सरकलेला दिसला, तर होडीही आपल्या डाव्या हाताला गेली आहे, असे समजून रोख सुधारायचा.

आठ जणींतून चौघी निवडताना ताकदीपेक्षा ताल पाहावा. जात्याच्या एकाच खुंट्यावर दोघींचे हात पडतात, तेव्हा दोघींपैकी कोण जास्त जोराची आहे याला महत्त्व नसते. एकीचा रेटा संपतो तिथे दुसरीचा सुरू झाला नाही तर पाळ अडखळते. होडीचेही तसेच आहे. सर्वांत मागे, म्हणजे सुकाणूच्या बाजूला बसणारीच सर्वांना दिसते, म्हणून ताल तिनेच धरायचा. ती जोरकस नसली तरी चालेल, पण गर्दीच्या आरड्याओरड्यात घाई करणारी नसावी. मिनिटाला चोवीस ते सव्वीस ओढी इतका वेग नवख्या गटाला पुरेसा आहे. सुरुवातीला तीन-चार आखूड, जलद ओढी घेऊन होडी हलती करावी, मग लांब ओढीवर यावे, आणि जोर उरला असेल तरच शेवटच्या शंभर मीटरमध्ये वेग वाढवावा. बहुतेक गावठी शर्यती पहिल्या शंभर मीटरमधील उतावळेपणाने हरल्या जातात.

सराव आठवड्यातून तीन दिवस पुरे. पहिले काही दिवस वल्ह्याशी ओळख करून घेण्यासाठी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर भाड्याने मिळणाऱ्या वल्ह्यांच्या होड्या उपयोगी पडतील. हा तलाव 1842 मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधला आणि त्याचे पाणी शिवसागराच्या मानाने आटोपशीर आहे. शिवसागराची गोष्ट निराळी आहे. कोयना धरणामुळे झालेला हा जलाशय दऱ्यांमध्ये लांबवर पसरला आहे, आणि डोंगरांच्या चिंचोळ्या फटीतून येणारा वारा पाण्यावर एकदम जोर धरतो. थंडीत सकाळी धुके असते आणि दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून धुके विरल्यानंतर आणि ऊन तापण्यापूर्वी शर्यत उरकावी, अशी विनंती आपण आयोजकांना आवर्जून करावी. पाण्याची पातळी उतरत जाते तसे जुने बुंधे आणि खडक वर येतात. शर्यतीचा मार्ग नावाड्यांनी आदल्या दिवशी फिरून तपासला आहे का, हेही विचारावे. असे विचारणे म्हणजे आयोजकांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

प्रश्न : सांगलीत कृष्णेवर होणाऱ्या पावसाळी होडीशर्यतींत मी अनेकदा वल्हे मारले आहे. आता तलावावर कयाक, म्हणजे अरुंद, हलकी होडी, चालवायची आहे. तो अनुभव कामी येईल का?
— एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : दम, ताल आणि पाण्याची समज कामी येईल, वल्हे धरण्याची सवय मात्र बदलावी लागेल. आपण एका पात्याचे वल्हे एकाच बाजूला मारत आला आहात. कयाकचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले, कोणत्याही कड्यात न अडकवलेले असते, आणि जोर खांद्यांतून नव्हे, तर कंबरेपासून धड वळवून काढायचा असतो. नदीत प्रवाह कुठे ओढतो आणि काठालगत कुठे मंदावतो हे ओळखणारा नावाडी निम्मी शर्यत जिंकतो. तलावात ते कसब वाऱ्याची दिशा ओळखण्यासाठी वापरावे. कयाक अरुंद असल्यामुळे पहिल्या दिवसांत ती उलटणारच, म्हणून वर सांगितलेला उलटण्याचा सराव आपल्यालाही लागू आहे. कसलेल्या नावाड्यांना जॅकेट घालणे कमीपणाचे वाटते. आपण ते घालावे.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी शाळेच्या सहलीत होडी वल्हवून आल्यापासून या खेळाच्या मागे लागली आहे. सातारा जिल्ह्यातल्या मुलीला यात पुढे जाता येईल का?
— एक पालक, कराड

उत्तर : येईल. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाल्यानंतर पुण्यात वल्हे धरायला शिकले, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावे आले, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक मिळवले. आपल्या मुलीला वयाच्या चौदाव्या वर्षीच गोडी लागली आहे, ही मोठीच जमेची बाजू आहे. उंची आणि हातापायांची लांबी या खेळात उपयोगी पडते. त्यासोबत तिने पोहण्यात तरबेज व्हावे आणि धावण्याने दम वाढवावा. प्रशिक्षणाची सोय पुण्यात अधिक आहे; तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) बोट क्लबला आणि 1928 पासूनच्या त्यांच्या रेगाटाला, म्हणजे होड्यांच्या सोहळ्याला, मोठी परंपरा आहे. येत्या सुट्टीत तिला घेऊन पुण्याला जावे, सराव पाहावा, आणि प्रशिक्षकांना तिची उंची, वजन व पोहण्याची तयारी सांगून त्यांचे मत घ्यावे. शाळा सोडून तिकडे राहायला जाण्याचा विचार निदान दहावीपर्यंत करू नये.