पावसाळ्यानंतर आउटबोर्ड चोक आत ढकलला की बंद का पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत झाकून ठेवलं होतं. आता चोक ओढला की सुरू होतं, चोक आत ढकलला की बंद पडतं. टाकीत मे महिन्यातलंच पेट्रोल आहे आणि मेकॅनिक नवा कार्ब्युरेटर घ्यायला सांगतोय.

कार्ब्युरेटर इतक्यात घेऊ नका. चोक हवा अडवतो, त्यामुळे खेच वाढते आणि अर्धवट तुंबलेल्या भोकातूनही पेट्रोल ओढलं जातं. चोक आत ढकलल्यावर तेवढी खेच उरत नाही. म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. बहुतेक वेळा दोष पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, निघतो, पण तपासणी टाकीपासून सुरू करा. टाकीत घाण असेल तर साफ केलेला जेट आठवड्यात पुन्हा तुंबेल.

टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बाद. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं. कोकणातल्या पावसाळी हवेतला ओलावा ते शोषतं, आणि मर्यादेपलीकडे पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. टू-स्ट्रोकला हे जास्त घातक आहे, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि टाकीतली नळी तळातून ओढते. त्या थरावर इंजिन चाललं तर पिस्टनला वंगणच मिळत नाही. वर ताजं पेट्रोल ओतून हे दुरुस्त होत नाही. टाकी रिकामी करा, पुसून कोरडी करा. काढलेलं पेट्रोल खाडीत किंवा वाळूत ओतू नका, झाकणबंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला विचारून द्या.

आता ताजं पेट्रोल भरा. ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, घ्या. पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मिली. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आणि बल्ब, म्हणजे पाइपमधला रबरी फुगा, बाण इंजिनकडे करून दाबा. काही वेळात तो कडक व्हायला हवा. मऊच राहिला तर कुठून तरी हवा शिरतेय, बहुधा कनेक्टरच्या ओ-रिंगमधून किंवा तडकलेल्या पाइपमधून. चपटा होऊन तसाच राहिला तर हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतली जाळी तुंबली आहे. इंजिनाजवळचा छोटा फिल्टरही उघडून पाहा.

मग इंजिन पाण्याच्या पिंपात चालवा. पाणी अँटी-कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्याच्या वरची आडवी पट्टी) वर हवं. कोरडं चालवलं तर इम्पेलरची, म्हणजे थंड करणारं पाणी खेचणाऱ्या चक्राची, रबरी पाती लगेच जळतात. बंद पडू लागताच बल्ब दाबत राहा. त्याने इंजिन सावरलं तर फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) कडक झालाय किंवा फाटलाय, त्याचा किट बदला. काहीच फरक पडला नाही तर कार्ब्युरेटर काढा.

काढण्याआधी प्लगची कॅप काढून ठेवा, जवळपास विडी-सिगरेट नको. बाउलच्या (कार्ब्युरेटरखालची पेट्रोल साठणारी वाटी) खालचा स्क्रू सोडून पेट्रोल बरणीत घ्या. पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसला तर पाणी साचून गंज चढला होता. मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्या होतात ते मोजून लिहून ठेवा, परत बसवताना तेवढ्याच फेऱ्या बाहेर ठेवा. आत जाऊन टेकल्यावर जोराने आवळला तर या स्क्रूचं सुईसारखं टोक खराब होतं. मेन जेट, म्हणजे वेगात पेट्रोल सोडणारा, मधोमध असतो. पायलट जेट बाजूच्या खोलगट भोकात, काही मॉडेलमध्ये रबरी बुचाखाली असतो. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत नेमका बसणारा हवा, पितळ मऊ असतं.

जेट उजेडासमोर धरा. गोल, स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच तंतू किंवा नायलॉनचा दोरा आतून फिरवा. सुई, टाचणी, ड्रिलचा बिट वापरू नका, भोक किंचित मोठं झालं तरी इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागतं आणि प्लग काळा पडतो. बॉडीतले सगळे बारीक मार्ग कार्ब क्लीनरने भिजवा आणि फवारा दुसऱ्या टोकाने बाहेर येतोय याची प्रत्येक ठिकाणी खात्री करा. माणसं घाई करतात ती इथेच: जेट चकाचक होतो आणि त्यामागचा मार्ग तुंबलेलाच राहतो. फवारताना चष्मा घाला, रबरी भाग आधी बाजूला काढा. फ्लोटच्या (बाउलमधला तरंगता भाग, जो पेट्रोलची पातळी राखतो) सुईच्या टोकावर गोल खळगी पडली असेल तर सुई बदला, नाहीतर पेट्रोल ओसंडत राहील. गॅस्केट नवी घाला.

परत जोडल्यावर लक्षणं अशी वाचा. मंद गतीवर बंद पडतं पण वेगात चालतं, तर पायलटचा मार्ग अजून तुंबलेला आहे. मंद चालतं पण थ्रॉटल दिल्यावर दम सोडतं, तर मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा. दोन्ही ठीक असूनही अडखळत असेल तर पेट्रोलचा नाद सोडून प्लग आणि स्पार्क तपासा.

पुढच्या मे अखेरीस शेवटच्या फेरीनंतर पेट्रोलचा पाइप काढून इंजिन पिंपात मंद गतीवर बंद पडेपर्यंत चालवा आणि बाउलचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढा. टाकी रिकामी करून कोरडी ठेवा आणि हवेचा स्क्रू बंद करा.