अन्वर्थक की सूचक? कादंबरीतल्या नावांबद्दल थोडं

एका वाचकाची विचारणा आहे. कादंबरीकार पात्रांची पहिली नावं अर्थ बघून ठेवतात का? तसं असेल तर अशा नावाला 'अन्वर्थक' म्हणावं का? शिवाय ते स्वतः कादंबरी लिहीत आहेत. तिच्यातली आजी 1935 साली जन्मलेली आहे आणि तिचं नाव त्यांनी 'सुमेधा' ठेवलंय. ते चालेल का, हेही त्यांना हवंय.

शब्दाचं आधी उरकतो. अन्वर्थक म्हणजे अर्थाला धरून असलेलं, नावाप्रमाणे गुण असलेलं. धिप्पाड माणसाचं नाव भीमराव असलं की ते अन्वर्थक. कादंबरीतल्या बहुतेक नावांना हा शब्द लागू पडत नाही. तिथे 'सूचक' बरा. नाव पात्राचा गुण सांगत नाही, पात्र कुठल्या घरातलं, कुठल्या काळातलं, आईबापांच्या मनात काय होतं, याची कुणकुण देतं. गुण आणि नाव तंतोतंत जुळलं की वाचकाला लेखकाचा हात दिसतो, आणि कादंबरीत तो दिसला की मजा गेली. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण कादंबरीकाराच्या जास्त कामाची.

सुरुवातीला असं नव्हतं. 'मुक्तामाला' (1861), 'मंजुघोषा' (1868) ही अद्भुतरम्य कादंबऱ्यांची शीर्षकं नुसती वाचली तरी कळतं की अशी नावं कुणाच्या घरी हाकेला नव्हती. ती संस्कृत कथेतून आलेली, कानाला गोड लागणारी नावं. त्यांच्याही आधी, 1857 साली, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं तेव्हा मात्र नायिका झाली यमुना. विधवांच्या हालांबद्दल बोलायचं तर नाव शेजारच्या घरात सापडणारं हवं. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये स्वतःची कहाणी सांगणारी बाईही यमूच. दोन्ही लेखकांनी ठरवून एकच नाव घेतलं असं मी म्हणत नाही. नाव इतकं घरगुती होतं की वास्तवाकडे वळलेल्या लेखकाच्या हाताशी तेच यावं, इतकंच.

आता केतकरांची 'ब्राह्मणकन्या' (1930) घ्या. तिची नायिका कालिंदी डग्गे. कालिंदी म्हणजे यमुनाच, नदी एकच. पण 'यमू' म्हटल्यावर परकरातली मुलगी दिसते आणि 'कालिंदी' म्हटल्यावर शिकलेली, प्रश्न विचारणारी बाई. कोशातला अर्थ सारखा असूनही दोन नावांतून दोन वेगळ्या बायका उभ्या राहतात, म्हणून अर्थ बघून नाव ठेवण्याच्या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. नावाचा अर्थ कोशात असतो, पण त्याचं वजन कुणी, कुठे, कधी ते ठेवलं यात असतं.

अपवाद विनोदी लेखनाचा. तिथे अर्थाशी उघड खेळता येतं. चिं. वि. जोशींचे चिमणराव बघा. 'चिमण' इतकं इवलं आणि त्याला जोडलाय 'राव'. माणूस कसा आहे ते त्या जोडणीतच कळतं. त्यांची बायको काऊ, मुलं मोरू आणि मैना. अख्खं घर पाखरांचं, आणि चिऊ-काऊची गोष्ट ऐकून वाढलेल्या वाचकाला ते न सांगता समजतं. तरी यातलं एकही नाव अशक्य नाही. मोरेश्वराचा मोरू घरोघरी होता. खोटं न वाटता हसू येतं ते त्यामुळेच.

अर्थाचा एक मूक खेळ 'श्यामची आई'त आहे, अर्थात लेखकाच्या मनात तो होता की नाही कोण जाणे. साने गुरुजींचं स्वतःचं नाव पांडुरंग, म्हणजे शुभ्र वर्णाचा. आपल्याच बालपणाला त्यांनी नाव दिलं श्याम, म्हणजे सावळा. आणि पंढरपूरची मूर्ती काळी असूनही तिला पांडुरंग म्हणायला मराठी माणसाची हरकत नाही, तेव्हा हा विरोध आपल्याला विरोध वाटतच नाही.

पांडुरंगावरून 'कोसला' (1963) आलीच. पांडुरंग सांगवीकर, मग पुढच्या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील, मग 'हिंदू'तला खंडेराव. नेमाड्यांची ही तीन नावं एका ओळीत ठेवा. एक वारकऱ्यांच्या देवाचं, एक योग्याचं, एक खंडोबाचं. 1963च्या शहरी वाचकाच्या कानाला अरुण, सुधीर, शशिकांत अशा नायकांची सवय होती. कॉलेजात शिकणाऱ्या, होस्टेलवर राहणाऱ्या नायकाचं नाव पांडुरंग ठेवणं म्हणजे पहिल्याच ओळीत गाव सांगून टाकणं होतं.

आजीकडे येतो. सुमेधा चालणार नाही असं मी म्हणेन. शब्द जुना आहे, पण नाव म्हणून त्याला नंतरच्या पिढीचा वास आहे. नेहमीचा घोटाळा असा होतो की लेखक कथा घडते त्या काळाची नावं शोधतो. शोधायची असतात पात्राच्या जन्मकाळची. कथा 1990मध्ये घडत असेल तर आजीचं बारसं तिच्या पंचावन्न वर्षं आधी झालंय, आणि नाव तिच्या आईबापांनी नव्हे, बहुधा आत्यानं किंवा तिच्याही आजीनं सुचवलंय, म्हणजे आवड आणखी एक पिढी मागची. मग घर कुठलं ते बघा. वत्सला, मालती, कुसुम, इंदिरा, सुशीला एका प्रकारच्या घरात, सोनाबाई, हौसाबाई, गंगूबाई दुसऱ्या. जुन्या लग्नपत्रिका, शाळेच्या हजेरीपटाच्या प्रती, मतदारयाद्या, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता यांइतका चांगला नावांचा कोश नाही. हेन्री जेम्सच्या टिपणवह्यांत नावांच्या याद्याच्या याद्या आहेत. पात्र नसतानाही नाव टिपून ठेवायचं, ही सवय लावून घेण्यासारखी.

शिवाय त्या आजीला दोन नावं असू शकतात. लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती, म्हणजे माहेरची कुसुम सासरी इंदिरा. माहेराहून आलेला भाऊ तिला 'कुसुम' म्हणून हाक मारतो आणि घरातल्या नातवंडांना ही कुसुम कोण हेच कळत नाही, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहील. आणि खरं सांगायचं तर कादंबरीभर तिला बहुतेक जण आजी, माई, अक्का, काकू असंच काहीतरी म्हणतील. तिचं कागदोपत्री नाव फक्त रेशनकार्डावर आणि बँकेच्या पासबुकात दिसेल.

इथे माझ्या मते मुख्य मुद्दा येतो. मराठीत कादंबरीकार पात्राला एक नाव देऊन सुटत नाही. कोण त्याला काय म्हणतं, याची पुरी यादीच त्याला ठरवावी लागते. समजा नाव रघुनाथ. आईला तो रघू, मित्रांना रघ्या, पुतण्यांना रघूकाका, कचेरीत रघुनाथराव, वडिलांच्या पत्रात चि. रघुनाथ. बायको तर जुन्या घरात नाव घेणारच नाही. तिच्यासाठी तो 'इकडून', 'स्वारी', नाहीतर 'अहो'. अशा बाईनं प्रथमपुरुषी कहाणी सांगायची तर नवऱ्याचं नाव पानावर यायला दुसऱ्याचं तोंड लागतं, किंवा उखाणा. 'रघ्या'तला 'या' आणखी फसवा. जिवलग मित्राच्या तोंडी तो लाडाचा, सावकाराच्या तोंडी तोच अपमानाचा.

हे झालं पात्रांचं. निवेदकाचं काय? 'रघुनाथ म्हणाला' की 'रघुनाथराव म्हणाले'? नावाला मान दिला की क्रियापदही बदलतं, आणि ते दर ओळीला बदलतं. निवेदक त्या माणसाच्या बरोबरीचा आहे, खालचा आहे की वरचा, हे नावाबरोबर ठरून जातं. पात्र लहानपणापासून म्हातारपणापर्यंत जात असेल तर 'म्हणाला'चं 'म्हणाले' कुठल्या पानावर करायचं हा खरा पेच आहे. लग्नाच्या दिवशी? बाप गेल्यावर? काही लेखक शेवटपर्यंत एकेरीच ठेवतात, आणि सत्तर वर्षांचा माणूसही निवेदकापुरता पोर राहतो. 'गारंबीचा बापू' (1952) घ्या. बापू हे नाव पोराचंही असू शकतं आणि मानाच्या वडीलधाऱ्याचंही. या नावाला पुढे राव-पंत जोडायची गरजच नाही, पुढचं क्रियापद काय ते सांगतं.

वर 'चि. रघुनाथ' आलं, त्या पत्राच्या मायन्यावरून एक आठवलं. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद धाडला अशी कथा आहे, कारण वयानं लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं की ज्ञानानं थोर म्हणून 'तीर्थरूप', हे ठरेना. चौदाशे वर्षांच्या योग्याची ही अडचण, तर आपण कादंबरीकारांना थोडा वेळ द्यायला हवा.

काही नावांत पात्राचा सगळा पूर्वेतिहास असतो. दगडू, धोंडू, कचरू, भिकू. आधीची मुलं जगली नाहीत, मग या मुलाला नजर लागू नये, देवानं-काळानं त्याच्याकडे बघू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव. 'दगडू' वाचून दगडासारखा कठोर असा अर्थ लावणारा वाचक चुकला. त्या नावात आधी गेलेली भावंडं आहेत. मुलींच्या बाबतीत 'नकुशी', 'नकुशा'. इथे नजरेचा प्रश्न नाही, ती खरंच नको होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावं बदलण्याचा जाहीर कार्यक्रम झाला होता. म्हणजे ही नावं जुन्या कथांपुरती नाहीत. कादंबरीत पात्राचं नाव नकुशा ठेवलं की तिच्या जन्माचं प्रकरण लिहायची गरज उरत नाही. दया पवारांचं 'बलुतं' (1978) आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण नावाचा असा वापर मला कादंबऱ्यांत फार दिसला नाही. दगडू मारुती पवार हे लेखकाचं मूळ नाव. पुस्तकात शिकलेला, शहरी दया पवार आणि मागे राहिलेला दगडू पवार समोरासमोर बसतात आणि एक दुसऱ्याला आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाची दोन नावं, दोन पात्रं.

नाव लिहिता लिहिता बदलतं, हेही सांगायला हवं. मार्गारेट मिचेलच्या 'गॉन विथ द विंड'ची (1936) नायिका हस्तलिखितात बराच काळ पॅन्सी होती, स्कार्लेट ती पुस्तक छापायला जाण्याच्या सुमारास झाली. कॉनन डॉयलच्या सुरुवातीच्या टिपणात शेरलॉक नाही, शेरिनफर्ड होम्स आहे, आणि वॉटसनच्या जागी ऑर्मंड सॅकर. इयन फ्लेमिंगला उलट साधं, बिनरंगी नाव हवं होतं. वेस्ट इंडीजमधल्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाचा लेखक जेम्स बाँड, त्याचं नाव त्यानं उचललं. आज ते नाव बिनरंगी वाटत नाही, पण ती करामत कादंबऱ्यांची, नावाची नव्हे.

आता अगदी कारागिरीचं. नाव ठरलं की त्याला विभक्तीचे प्रत्यय लावून बघा, कारण ते शेकडो वेळा प्रत्ययासकट लिहायचंय. देवनागरीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं काढायची सोय नाही. 'आनंदानं दार उघडलं.' आनंद नावाच्या माणसानं उघडलं की कुणीतरी खुशीत उघडलं? 'आशेनं त्याच्याकडे पाहिलं.' 'श्रद्धेनं हात जोडले.' 'प्रकाश आत आला.' नायिका पूजा असेल आणि जुन्या वळणानं लिहाल तर 'पूजेला उशीर झाला' या वाक्यात गुरुजी वाट बघत बसतील. म्हणून अशा नावांना आज सामान्यरूप न करता 'पूजाला', 'आशानं', 'आनंदनं' लिहितात, आणि ते रूढ झालंय. याला अशुद्ध म्हणणारे आहेत. मी त्यांच्यात नाही. विशेषनाम ओळखू येणं जास्त गरजेचं.

पण सगळीकडे तसं केलं की दुसरीकडे बिघडतं. 'विठ्ठलाला पैसे दिले' म्हटलं की देवळातली पेटी दिसते, 'विठ्ठलला पैसे दिले' म्हटलं की शेजारचा विठ्ठल. 1890च्या कथेत 'यमुनाला' लिहिलं तर कान टोचतो, तिथे 'यमुनेला'च हवं. सुनील, सुनीता, सुमती, सुधा असे चौघे एका घरात ठेवले तर वाचक दहाव्या पानावर वंशावळ काढायला बसतो, ते वेगळंच. आणि एकदा निवेदनासाठी 'राधेला' ठरलं की शेवटपर्यंत 'राधेला'. पहिल्या प्रकरणात 'राधेचा' आणि नवव्यात 'राधाचा' असं झालं तर मुद्रितशोधकानं तरी पकडावं. संवादात मात्र मोकळीक आहे: तुमच्या त्या आजीच्या तोंडी 'राधेला सांग' आणि तिच्या नातीच्या तोंडी 'राधाला सांग', दोन्ही बरोबर.