वाचकांचे प्रश्न : आमचं काम दुसऱ्याच्या करारात गेलं, दाद मागता येईल का?

प्रश्न : ताई, नॉर्दर्न व्हर्जिनियात आमची चौदा माणसांची कंपनी आहे. एका फेडरल खात्याच्या जुन्या कागदी फायली स्कॅन करून त्यांची सूची लावण्याचं काम आम्ही सात वर्षं केलं. मुदत संपत आली, म्हणून नव्या टेंडरची वाट पाहत होतो. परवा मंगळवारी काँट्रॅक्टिंग ऑफिसरची ई-मेल आली की हे काम एका मोठ्या कंपनीच्या चालू करारावर टास्क ऑर्डर (त्या कराराखाली एखादं काम सोपवणारा आदेश) काढून देऊन टाकलं आहे, किंमत ४१ लाख डॉलर. त्या कंपनीचा करार नेटवर्कची देखभाल आणि हेल्पडेस्कचा आहे! त्याआधी मार्चमध्ये मायक्रोफिल्मचं एक छोटं काम त्याच कंपनीला सोल-सोर्सने, म्हणजे स्पर्धा न घेता, देणार, अशी नोटीस सॅम या सरकारी टेंडरांच्या संकेतस्थळावर आली होती. ठरलेलंच असणार असं समजून आम्ही उत्तर दिलं नाही. आता काही करता येईल का? आणि तक्रार केली तर हे खातं आम्हाला पुन्हा दारात उभं करेल का?
— एक वाचक, व्हर्जिनिया

उत्तर : तुमचं पत्र वाचलं त्याच रात्री मी तुम्हाला फोन केला, कारण हा अंक हातात पडेपर्यंत तुमची मुदत संपून गेली असती. इथे लिहिते आहे ते तुमच्यासारख्या बाकीच्यांसाठी.

आधी दिवस मोजा. जीएओ, म्हणजे अमेरिकी काँग्रेसची हिशेब तपासणारी संस्था, तिच्याकडे अशी तक्रार करायची तर कारण कळल्यापासून दहा दिवसांत. शनिवार-रविवार धरून दहा. ज्या दिवशी कळलं तो दिवस सोडायचा, आणि दहावा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस. शेवटच्या दिवशीही ईस्टर्न वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचच्या आत तक्रार पोचली पाहिजे. सव्वीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे काँट्रॅक्टिंग ऑफिसर म्हणून बसले. आमच्याविरुद्धची एक तक्रार दहाव्या दिवशी ५ वाजून ४२ मिनिटांनी दाखल झाली आणि उशिरा आली म्हणून फेटाळली गेली. मी ती वाचली होती. तिचं तिसरं पान, जिथे आमच्या कराराचं कलम आणि नवं काम शेजारी शेजारी मांडलं होतं, अगदी बरोबर होतं. बारा मिनिटांमुळे ते कुणी वाचलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

अधिकाऱ्याला फोन करून किंवा ‘आम्ही पाहतो’ अशी गोड ई-मेल मिळवून हे घड्याळ थांबत नाही. शिवाय काम थांबवणारा स्टे आपोआप मिळवायचा असेल तर हिशेब वेगळा आहे. ऑर्डर दिल्यापासून दहा दिवसांच्या आत जीएओकडून खात्याला कळवलं गेलं पाहिजे, आणि कळवायला त्यांना एक दिवस लागू शकतो. म्हणून नवव्या दिवसाच्या पुढे जाऊच नका. ऑर्डर कोणत्या तारखेला निघाली ते ई-मेलमध्ये नसेल तर आजच विचारा.

आता मुख्य गोष्ट. पत्रात तुम्ही दोन पानं अन्यायाबद्दल लिहिलंत: सात वर्षांची सेवा, एकही तक्रार नाही, साधं विचारलंही नाही. मला ते सगळं पटतं. पण जीएओपुढे त्यातलं एक वाक्यही कामाचं नाही. १९९४च्या कायद्याने टास्क ऑर्डरविरुद्धच्या तक्रारींना जवळजवळ बंदीच घातली आहे. ऑर्डर एक कोटी डॉलरच्या वर असेल तर जीएओ बाकीचे आक्षेप ऐकतं (संरक्षण खात्याची मर्यादा याहूनही मोठी आहे). तुमची ४१ लाखांची. तुमच्यासाठी एकच दार उघडं आहे: या ऑर्डरमुळे मूळ कराराची व्याप्ती, मुदत किंवा कमाल रक्कम वाढते, हे दाखवणं. तुमच्या बाबतीत व्याप्ती.

व्याप्ती कशी पाहतात? मूळ करारासाठी बोली लावणाऱ्यांना त्या वेळी अंदाज आला असता का, की या करारावर असलंही काम निघेल? एवढंच. म्हणून त्या मोठ्या कंपनीच्या कराराचं मूळ टेंडर सॅमच्या जुन्या नोंदींतून काढा आणि कामाच्या वर्णनाआधी मनुष्यबळाच्या श्रेणींचा तक्ता उघडा. त्यात नेटवर्क इंजिनिअर, हेल्पडेस्क टेक्निशियन, सिक्युरिटी अॅनालिस्ट असतील, आणि स्कॅनिंग ऑपरेटर, सूचीकार, अभिलेखपाल यांतलं कुणीच नसेल, तर तुमच्या हातात खरा पुरावा आहे.

उलटंही सांगते, म्हणजे भ्रमात राहू नका. वर्णनात ‘माहिती व्यवस्थापनाची सर्व साहाय्यक कामं’ असं काही मोघम असेल तर अवघड आहे. १९९३ साली फेडरल सर्किट या अपील कोर्टापुढे विलटेल कंपनीचं प्रकरण आलं होतं. सरकारच्या एफटीएस-२००० या टेलिफोन करारात नंतर टी-३ या कितीतरी जास्त वेगाच्या लाइन घातल्या गेल्या. खालच्या मंडळाने हे कराराबाहेरचं ठरवलं. कोर्टाने ते उलटवलं, कारण करारच इतका विस्तृत लिहिला होता की असा बदल बोलीदारांना अनपेक्षित नव्हता. आजही व्याप्तीचा प्रश्न आला की हेच प्रकरण पुढे येतं.

मार्चच्या नोटिशीबद्दल मला तुम्हाला आशा दाखवता येत नाही. ‘अमक्यालाच देणार आहोत’ ही नोटीस म्हणजे आणखी कुणी हे काम करू शकतं का, हा प्रश्न असतो. मुदतीत आपली क्षमता लिहून कळवली नाही, तर नंतरची तक्रार सहसा ऐकूनच घेत नाहीत. आणि ते ठरलेलंच असतं असंही नाही. एका सप्टेंबरमध्ये सोल-सोर्सचं समर्थन लिहिताना मी ‘३० तारखेनंतर निधी जाईल’ असं लिहिलं. आमच्या वकीलबाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून कागद परत पाठवला. पैसे जातील म्हणून, किंवा आपण वेळेवर नियोजन केलं नाही म्हणून स्पर्धा टाळता येत नाही, हे कायद्यातच आहे. त्याच आठवड्यात नोटिशीला दोन कंपन्यांची उत्तरं आली आणि आम्ही टेंडर काढलं. दोन पानी उत्तरं होती ती.

सबकॉन्ट्रॅक्टर असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात: व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या आपल्या अनेक कंपन्या या वर्गात येतात, आणि त्यांना ही वाट नाही. ऑगस्ट २०२५मध्ये पर्सिपियंट कंपनीच्या प्रकरणात फेडरल सर्किटच्या पूर्ण पीठाने सांगितलं की आव्हान प्रत्यक्ष किंवा संभाव्य बोलीदारच देऊ शकतो.

वकील हवाच का? जीएओपुढे कंपनी स्वतः उभी राहू शकते. पण खात्याची गोपनीय कागदपत्रं गुप्तता राखण्याच्या आदेशाखाली फक्त वकिलाला दाखवतात, म्हणजे तुम्ही डोळे बांधून लढाल. निदान एकदा सल्ला घ्याच. तक्रार मान्य झाली तर वकिलाचा खर्च देण्याची शिफारस होऊ शकते, आणि छोट्या कंपन्यांना त्यात तासाच्या दराची १५० डॉलरची मर्यादा लागू नाही.

राहिली तुमची भीती. २०२४च्या आर्थिक वर्षात जीएओने गुणदोषांवर निकाल दिलेल्या तक्रारींपैकी १६ टक्के मान्य झाल्या, पण काही ना काही दिलासा ५२ टक्के प्रकरणांत मिळाला, कारण खातं पुष्कळदा निकालाआधीच चूक सुधारतं. मी स्वतः दोनदा अशी ऑर्डर मागे घेतली आहे. ज्या कंपनीने मला ते करायला लावलं, तिला पुढच्या टेंडरला बोलावताना माझा हात अडखळला नाही. राग यायचा तो अभ्यास न करता आरोप करणाऱ्यांचा. तुम्ही कलम दाखवा, तक्ता दाखवा, कुणाच्या हेतूबद्दल एक शब्द लिहू नका.

ता. क. या वाचकांनी आठव्या दिवशी दुपारी तक्रार दाखल केली. तक्त्यात स्कॅनिंगची एकही श्रेणी सापडली नाही. खात्याचा अहवाल तीस दिवसांत यायचा आहे.