एफडी मोडू की थांबू?

प्रश्न : मी लालबागला राहते. आईचं (६१) स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालंय, आता केमो सुरू होईल. डॉक्टर सोबत वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब घ्यायला सांगताहेत. रिपोर्टवर ‘हर-टू २+’ आहे. बाबांची एफडी मोडायची का? आई म्हणते, ‘माझ्यावर कशाला एवढे पैसे घालता?’

उत्तर : ताई, एफडीला अजून हात लावू नका. ‘हर-टू’ म्हणजे कर्करोगाच्या पेशींवरचं, त्यांना वाढवणारं प्रथिन. ट्रॅस्टुझुमॅब त्यालाच अडवतं, म्हणून ते जास्त असेल तरच या औषधाचा उपयोग. २+ म्हणजे धड हो नाही, धड नाही पण नाही. ३+ असतं तर मी लगेच घ्या म्हटलं असतं. गाठीचा मेणातला ठोकळा लॅबमध्ये जपलेला असतो, त्यावरच ‘फिश’ तपासणी (हर-टूचं जनुक वाढलंय का, ते पाहणारी) करून घ्या. आईला पुन्हा सुई नको. निगेटिव्ह आली, तर हे औषध तिच्या कामाचं नाही.

पॉझिटिव्ह आली तर मात्र आईचं ऐकू नका. हर-टू पॉझिटिव्ह कर्करोग आक्रमक असतो. केमोला या औषधाची जोड दिली की आजार उलटण्याचा धोका बराच कमी होतो. दर ३ आठवड्यांनी, एकूण १ वर्ष. केस जातात ते केमोने, याने नव्हे. जपायचं ते हृदय : आधी टूडी इको, मग साधारण दर ३ महिन्यांनी. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, हे सांगायचं राहून जाऊ शकतं.

खर्चाचं म्हणाल, तर भारतात बनलेली बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली औषधं) २०१४ पासून मिळतात, मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त. रुग्णालयाच्या फार्मसीत आणि बाहेर, दोन्हीकडे भाव विचारा. तिथल्या समाजसेविकेलाही भेटा, त्यात लाजायचं काय?