सुखात आहेस, मग फोनवर रडतेस कशाला?

“काकू, हे वाचून तुम्ही मला वेडीच म्हणाल,” अशी सुरुवात करून सौदी अरेबियातल्या जुबैलहून एका सुनेने तीन पानी पत्र पाठवलंय. माहेर इंदूरचं, सासर आमच्या बडोद्याचं, मांजलपूरला. नवरा पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात, मुलगा आठवीत, मुलगी पाच वर्षांची. सौदीला जाऊन तीन वर्षं झाली. पत्रात चार प्रश्न आहेत. त्यातला खरा एकच, आणि तो तिने शेवटच्या पानावर, जाता जाता विचारल्यासारखा विचारलाय. तो असा:

“मला इथे बरं वाटतं, काकू. खरंच बरं वाटतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण दुपारचे दोन तास माझे स्वतःचे आहेत असं पहिल्यांदाच होतंय. हे पाचच्या आत घरी असतात. संध्याकाळी आम्ही चौघं फनातीरला समुद्रावर जातो. पण सासूबाईंचा फोन आला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, ‘काय सांगू आई, नुसतं कोंडून घातल्यासारखं होतं हो.’ मी खोटारडी आहे का?”

आहेस. पण घाबरू नकोस, मीही होते, बारा वर्षं होते.

आम्ही १९९२ला जुबैलला गेलो. तेव्हा बडोद्यातून तिकडे जाणारी कितीतरी मंडळी कोयलीची रिफायनरी, आयपीसीएल अशा ठिकाणी हात बसलेली असायची, तसे आमचेही हे. आठवड्याची सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवार असे. (शुक्रवार-शनिवार २०१३पासून झाली.) बायकांनी गाडी चालवायची नाही, थिएटर नाही, हॉटेलात ‘फॅमिली’चा दरवाजा वेगळा, आणि बाहेर पडताना अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा तो पायघोळ डगला. दांडिया बाजारात सासूबाईंना मी दर पंधरा दिवसांनी पत्र टाकत असे. त्यात असायचा उन्हाळा, धुळीची वादळं, अबाया, आणि काठी घेऊन बाजारात फिरणारे ते धर्मरक्षक. सगळं खरं होतं. फक्त अर्धं होतं.

जे लिहिलं नाही ते आता सांगते.

पहिलं म्हणजे मासे. आम्ही कायस्थ. बडोद्यात ज्या सोसायटीत राहत होतो तिथे सुरमई तळायची म्हणजे खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून, वर शेजारणीने “आज काही वेगळा वास येतोय” म्हटलं की गटारावर ढकलून द्यायचं. जुबैलच्या मासळी बाजारात मी पहिल्यांदा गेले आणि बघतच राहिले. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट, कनद म्हणजे सुरमई. बर्फावर रांगा. आणि घरी येऊन दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून तळायचे! जगातल्या कर्मठ म्हणवणाऱ्या देशात येऊन मला हे स्वातंत्र्य मिळालं. दारूबंदीचं म्हणशील तर आपण गुजरातचे, आपल्याला त्याची काय नवलाई?

दुसरं, अबाया. खाली घरचा गाऊन, वर अबाया, झाली बाई तयार. इस्त्री नाही, मॅचिंग नाही, ‘हीच साडी मागच्या बारशाला नेसली होती’ नाही. मी त्याचं समर्थन करत नाहीये. सक्ती ती सक्तीच, आणि २०१९पासून परदेशी बायकांवर ती तशी राहिली नाही हे उत्तमच झालं. पण आळशी बाईला त्या डगल्याने जे सुख दिलं ते नाकारायचं कसं?

आणि तिसरं, सला. सला म्हणजे नमाजाची वेळ. अजान झाली की दुकानाचं शटर खाली. आत अडकलात तर आत, बाहेर असाल तर बाहेर, अर्धा तास. आता २०२१पासून बरीच दुकानं चालू असतात, त्यामुळे तुला याचा अनुभव नसेल. सुरुवातीला मी चडफडायचे. मग लक्षात आलं की बंद दुकानाच्या पायरीवर इतरही बायका बसलेल्या असतात. एक फिलिपिनो नर्स, एक सुदानी मास्तरीण, हैदराबादच्या दोघी जावा. हातात पिशव्या, कडेवर पोरं, कुणालाच कुठे जायचं नाही. हे दृश्य मी कुठे पाहिलं होतं? आमच्या वाड्याच्या ओटल्यावर! (ओटा म्हणायला हवं, पण बडोद्याचं मराठी असंच.) दुपारची भांडी झाली की आमच्या आजेसासूबाई, शेजारच्या गुजराती मासी, वरच्या मजल्यावरच्या काकू तिथे बसत. वाडे पाडून फ्लॅट झाले आणि ओटला गेला. तो मला सापडला अरबस्तानात, एका किराणा दुकानाच्या पायरीवर. तिथे जुळलेली एक मैत्रीण आजही मला ईदला आणि दिवाळीला फोन करते.

देश असा बंद असला की माणसं घरांत शिरतात. बाहेर करायला काही नसतं म्हणून एकमेकांकडे जातात, आणि अंगणात, गालिच्यावर, मुलांच्या गलक्यात तासन् तास बसतात. आपल्याकडे कुणाकडे जायचं तर आता आधी मेसेज टाकावा लागतो. तू लिहिलंयस, “शेजारची सौदी बाई अचानक खजुराची परात घेऊन आली, मला ओशाळल्यासारखं झालं.” ओशाळतेस काय? परात रिकामी परत करू नकोस म्हणजे झालं. लाडू दे, चिवडा दे.

हिवाळ्याबद्दल तर तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटात रात्री शेकोटी पेटवावी लागते, वर आकाश असं की सप्तर्षी हाताला लागावेत. पाऊस चांगला झाला की वाळूवर चक्क हिरवळ धरते, आणि लोक फगा शोधायला निघतात, जमिनीखाली उगवणारी बटाट्यासारखी अळंबी असते ती. होफूफला जाऊन ये. अल-अहसाचं ते ओअॅसिस २०१८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. खजुराची लाखो झाडं, आणि तिथला तांबडा तांदूळ. आपल्या माणसाला तो भात बघूनच घरी आल्यासारखं वाटतं.

आता सासूबाईंकडे वळते. माझ्या.

१९९७च्या नोव्हेंबरात त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. वय बहात्तर. बडोद्याची बाई म्हणजे सुधारणेचा अभिमान रक्तात. “सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तशाच शाळेत मी शिकले,” हे त्या भाजीवाल्यालाही सांगत. धहरानच्या विमानतळावर मला अबायात बघून पहिलं वाक्य काय, तर “आमच्या चिमणाबाई महाराणींनी पडदा सोडला आणि तू इथे येऊन घेतलास!” मी गप्प. पण लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलमध्ये वर ते झरोके आहेत ना, जिथून राणीवशातल्या बायका दरबार बघायच्या, ते त्यांनीच मला लग्नानंतर कौतुकाने दाखवले होते.

चौथ्या दिवशी शेजारच्या अरब घरातल्या आजीबाईंनी आम्हाला बोलावलं. गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला. वेलदोड्याचा, बिनसाखरेचा, फिंजानमध्ये दोन घोट. सासूबाईंनी पिऊन कप पुढे केला. मुलीने भरला. पुन्हा प्यायल्या. पुन्हा भरला. वाढलेलं नाकारायचं नाही ही आपली रीत, आणि पुरे असेल तर कप हातात जरा हलवायचा ही त्यांची. मलाही ते तेव्हा धड माहीत नव्हतं. सातव्या कपाला सासूबाई कळवळून म्हणाल्या, “बस! बस!” आणि सगळं घर हसायला लागलं. कारण ‘बस’ म्हणजे अरबीतही पुरेच.

त्या दिवसापासून त्यांना नाद लागला. रोज दुपारी दोघी म्हाताऱ्या एकत्र. भाषा शून्य. सासूबाई वहीत शब्द लिहून आणायच्या. दुकान, कलम, साबण, हिशेब, तारीख, वकील. “अगं, ही तर आपलीच भाषा बोलते, फक्त घशातून!” गुडघे दाखवून झाले, सुनांबद्दल बोलून झालं (त्यासाठी भाषा कशाला लागते), मेथीचे लाडू आणि खजूर इकडून तिकडे झाले. निघायच्या आदल्या रात्री माझ्यावर भडकल्या. “पाच वर्षं मी देवापुढे रडले तुझ्यासाठी. आणि तू इथे रोज पापलेट खात होतीस?”

मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, आणि तेच तुला सांगायचंय.

आपण फोनवर रडतो ते दृष्ट लागू नये म्हणून, किंवा नातलगांनी पैसे मागू नयेत म्हणून, असं मी पूर्वी समजत असे. तेही असतं थोडं. पण तुझ्या पत्रात दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: “सासूबाईंचं सगळं जाऊबाईच करतात, बीपीच्या गोळ्यांपासून डोळ्यांच्या ऑपरेशनपर्यंत.” तुझ्या मते ते नुसती माहिती म्हणून आलंय. मला तिथेच सगळं कळलं. बाई, तुझं रडगाणं सासूबाईंसाठी नाहीच. तो तू जावेला भरत असलेला हप्ता आहे. ती तिथे राबतेय आणि मी दुपारी झोपतेय, मग निदान मी दुःखी तरी असायला हवं, असा तुझा हिशेब. चांगल्या मनाचं लक्षण आहे हे, मान्य. पण त्या हप्त्यातून तिच्या हाती काय लागतं? दमलेल्या बाईला संध्याकाळी वर तुझी कीव करायची. एवढंच.

माझी जाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, दांडिया बाजारातल्या त्या वाड्यात लग्न होऊन आल्यापासून अडकलेली. सासूबाई जुबैलला होत्या त्या तीन महिन्यांत तिने काय केलं माहीत आहे? सेहेचाळिसाव्या वर्षी ती दुचाकी चालवायला शिकली. पहाटे सूरसागरच्या रस्त्यावर, पुतण्याला मागे बसवून. आम्हाला कुणाला पत्ता नाही. सासूबाई परत आल्या तेव्हा ती स्टेशनवर गाडी घेऊन हजर, आणि खजुरांची पिशवी हँडलला लावून म्हणाली, “आई, बसा मागे.” त्या वेळी मला सौदीत गाडीला हात लावायची सोय नव्हती. २४ जून २०१८ला तिथल्या बायकांना ती परवानगी मिळाल्याची बातमी मी जावेलाच आधी फोन करून सांगितली.

तेव्हा तुला सांगणं एकच. सासूबाईंना तीन महिने बोलावून घे. जावेला तिच्या दुपारी दे. आणि बोलावण्याआधी फोनवर खरं सांग: आई, इथे मला बरं वाटतं, तुम्ही येऊन बघा.

हे सगळ्यांना लागू नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या आठवड्यात रागाची पत्रं येतील. तुझ्या सुखाला तुझ्या नवऱ्याच्या इकाम्याचा (तिथल्या राहण्याच्या परवान्याचा) आणि कंपनीच्या घराचा टेकू आहे. घरकामाला गेलेल्या बायका आणि ज्यांचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, पगार अडकवून बसलाय ती माणसं त्याच देशात राहतात, आणि त्यांचं रडणं खरं असतं. सोबतच्या बायका-मुलांवरची ती अवलंबितांची फी २०१७ला सुरू झाली आणि वाढत वाढत २०२०ला माणशी दरमहा ४०० रियालवर गेली, तेव्हा किती घरं बायका-मुलांना परत धाडून मोडली, हेही तू ऐकलं असशील.

उरलेले तीन प्रश्न पटकन.

मुलाला अकरावीसाठी बडोद्याला ठेवू का? त्याला विचारलंस का? पत्रात त्याचं म्हणणं एका शब्दानेही नाही. आधी ते, मग माझ्याकडे ये.

गणपती बसवू का? घरात, लहान, विसर्जन बादलीत. इतर धर्मांच्या सार्वजनिक पूजेला तिथे मुभा नाही, तेव्हा आरतीला वीस घरं बोलावून टाळ कुटू नका. मंदिरच हवं असेल तर पूल ओलांडून बहारीनला जा. २५ किलोमीटरचा पूल आहे आणि मनामात श्रीनाथजींचं जुनं देऊळ आहे. बडोद्याच्या हवेलीची, म्हणजे वैष्णवांच्या कृष्णमंदिराची, आठवण येईल.

मांजलपूरचा फ्लॅट भाड्याने द्यावा का? द्या. दिराला मध्ये घालू नका.

आणि सासूबाईंना बोलावशील ते डिसेंबरात, जूनमध्ये नाही. विमानात बसण्याआधी त्यांची पिशवी जावेला उघडून बघायला सांग. अनारसे आणतील त्या, आणतीलच. पण खसखस न लावलेले. सौदीत खसखशीला बंदी आहे, आणि कस्टमवाल्याला अनारसा समजावून सांगायचा अरबी शब्द माझ्या सासूबाईंच्या वहीतसुद्धा नव्हता. लीलो चेवडो, आपला बडोद्याचा ओलसर चिवडा, मात्र खुशाल आणू दे, दोन किलो, एक शेजारणीची परात भरायला.